भिंतीवरचा हात

"मामा, तसेच उभे राहा! हलू नका. मान जरा डावीकडे… हां, अश्शी!"

आवाज वरून आला. सीनुआन विहारात जेमतेम पाऊल टाकून उभी होती. खांद्यावर कावड, कावडीच्या एका टोपलीत चिकट भात, दुसरीत भाजलेल्या मिरचीचा ठेचा आणि नदीतलं वाळवलेलं शेवाळ. बाहेरच्या लख्ख उन्हातून आत आल्यामुळे डोळ्यांपुढे नुसता अंधार. मामा कोण, ते तिला कळेना. पण त्या आवाजात एवढी अजिजी होती, की ती मान डावीकडे करून तशीच उभी राहिली.

"आज खांदे बरे दिसताहेत तुमचे," वरचा आवाज खुशीत म्हणाला. "काल अगदी म्हशीसारखे दिसत होते. राजकन्येला शोभत नाहीत हो, मामा. आणि ती तोंडातली विडी टाका बघू."

"माझ्या तोंडात विडी नाही," सीनुआन म्हणाली.

वरून एक कुंचला खाली पडला. त्यामागोमाग शांतता पडली.

मग रंगकामासाठी बांधलेल्या बांबूच्या पहाडावरून एक तोंड हळूच खाली डोकावलं. नाकावर तांबडा रंग, कपाळावर निळा, आणि दोन्हींच्या मधे दोन घाबरलेले डोळे. "चुकलं… मला वाटलं…"

"काय वाटलं? म्हैस?"

"नाही, नाही! राजकन्या."

"म्हणजे मामा."

"हो… नाही… म्हणजे—"

त्याचं असं होतं. आमच्या नान राज्याच्या राजेसाहेबांनी हा जुना विहार दुरुस्तीला काढला होता आणि आतल्या चारी भिंतींवर बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या कथा रंगवायच्या होत्या. कथा म्हटल्या की राजकन्या आल्या. पण विहारात राजकन्येसारखं उभं राहायला कुठल्या लेकीबाळी येणार? तेव्हा चिताऱ्याने विहाराच्या सुतारालाच, पुनमामालाच, पकडलं होतं. मामा रंधा बाजूला ठेवून, कमरेवर हात घेऊन, लाजल्यासारखे उभे राहत. त्या भिंतीवरच्या निम्म्या राजकन्यांचे खांदे आजही चांगले रुंद आहेत. जाणकार त्याला शैली म्हणतात.

"अजून उभी राहू का?" सीनुआनने विचारलं. "कावड जड आहे."

"नको, नको. ठेवा ती खाली… म्हणजे… थोडंसं राहता?"

ती राहिली. मागच्या दाराशी बाकीचे सुतार, गवंडी आणि पुनमामा थंड होत चाललेल्या भाताकडे बघत बसले. दारातून येणारा उन्हाचा पट्टा सरकत सरकत तिच्या गालावर आला. वर कुंचल्याची बारीक सळसळ चालू होती. आपल्याकडे कुणी इतकं निरखून बघतंय आणि आपल्याला राग येत नाहीये, हे लक्षात आल्यावर तिला स्वतःचाच राग आला. मग तोही गेला.

त्या संध्याकाळी मागावर बसून ती आपली नवी सिन विणत होती. सिन म्हणजे आमच्या बायका कमरेला गुंडाळतात ते वस्त्र. नक्षी वाहत्या पाण्याची, पायरी पायरीने उतरणाऱ्या लाटांची. गावातली कुठलीही पोर डोळे मिटून विणेल अशी. सीनुआनने डोळे उघडे ठेवूनही एक पायरी उलटी टाकली.

"उसव," मावशी सेंगदा तिच्या खांद्यावरून बघत म्हणाली. "पाणी चढावर निघालंय तुझं."

"राहू दे, मावशी. एखादं पाणी जात असेल चढावर."

मावशीने तोंडातली जाड विडी एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात नेली. आई गेल्यापासून सीनुआनला तिनेच वाढवलं होतं. शिवाय ती कुळातली थोरली बाई. घरच्या पितरांचा देव्हारा तिच्याकडे. त्यामुळे पितरांना काय आवडतं आणि काय नाही, हे मावशीला विचारावं लागे. गंमत म्हणजे मावशीला जे आवडत नसे, ते पितरांनाही कधी आवडल्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

विहारातल्या कामगारांना जेवण पोचवण्याची पाळी घराघरांतून फिरत असे. सीनुआनच्या घरची पाळी त्या दिवशीच संपली. दुसऱ्या दिवशी ती शेजारणीच्या पाळीवर गेली. नंतर शेजारणीच्या जावेच्या. "तुम्हाला कशाला त्रास, मी जाते ना," असं ती इतक्या गोड आवाजात म्हणे, की बायकांना आधी बरं वाटलं, आणि मग सगळं कळलं. पाळी मात्र कुणी परत मागितली नाही. सुतारांची पोटं सुटू लागली.

चिताऱ्याचं नाव इन्ता. लहानपणी श्रामणेर, म्हणजे बालभिक्षू होऊन, चीवर उतरवून परत आलेला, म्हणून लोक त्याला नोय इन्ता म्हणत. नदीच्या वरच्या अंगाला ल्यू लोकांची वस्ती आहे, तिकडचा. पहाडावर चढला की त्याच्या तोंडाला नुसता पूर येई. खाली जमिनीवर उतरला की मुका.

"सगळ्यांचे चेहरे एकसारखेच कसे रे तुझे?" सीनुआन खालून विचारी.

"चेहरा चंद्रासारखा काढायचा, अशी गुरूंची शिकवण आहे."

"राजकन्येचाही चंद्र आणि दासीचाही चंद्र?"

"हो."

"आणि राक्षसाचा?"

"राक्षसाचा मनासारखा काढता येतो."

"मग मला राक्षसीण कर. ओळखू तरी येईन."

तो इतका हसला की पहाड करकरला. "तुला ओळखायला चेहरा कशाला लागतो?" म्हणाला, आणि म्हटल्यावर त्याचे कान त्या भिंतीवरच्या तांबड्यापेक्षा तांबडे झाले.

तो वरून दोर सोडायचा, ती त्याला जेवणाची टोपली बांधायची. एकदा दोर अडकला. सीनुआन सरळ पहाडाच्या दोन पायऱ्या चढली आणि वाडगा वर धरला. तो वाकला. वाडग्याची पलीकडची कड त्याने अगदी दोन नखांत धरली.

"बोट सांभाळ," तो म्हणाला.

"का? चावतं?"

"पितर रागावतील."

"कुणाचे? तुझे की माझे?"

"तुझे. माझे पितर तर… खूश होतील."

हा विनोद नव्हता. आमच्याकडे लग्न न झालेल्या मुलीला परक्या पुरुषाचं बोट जरी लागलं, तरी तिच्या घरच्या पितरांचा अपमान होतो. मग डुकराचं मुंडकं, मद्य, फुलं असा नैवेद्य आणून त्यांची समजूत काढावी लागते. पितर भारी रागीट, पण जेवणाला नाही म्हणत नाहीत. बोट असेल तर एवढ्यावर निभावतं. हात जर खांद्यावर पडला, तर मात्र पितर नुसतं जेवून गप्प बसत नाहीत. त्यांना जावई लागतो.

वाडगा वर गेला. बोटाला बोट लागलं नाही. पण दोघांनाही तो वाडगा उगाच फार गरम वाटला.

संध्याकाळी पोरी ओसरीवर सूत काततात आणि पोरं तारा छेडत, गाणी म्हणत गप्पा मारायला येतात, ही आमची जुनी रीत. सीनुआनच्या ओसरीवर खत्तिया येई. डोंगरातल्या मिठाच्या विहिरींचा मालक, आडव्या अंगाचा, स्वभावाने सज्जन. तो मिठाबद्दल बोले. ओलं मीठ, सुकं मीठ, बैलाच्या पाठीवर पाझरलेलं मीठ. मावशी आतून कान देऊन ऐके आणि तिला ते फार गोड वाटे.

इन्ताही येऊ लागला. सर्वांत खालच्या पायरीवर बसे. बोलत नसे. सूत कातणाऱ्या हाताकडे बघत बसे आणि मग उठून जाई.

"काय रे," एकदा मावशीने आतून विचारलं, "गोंदण पुरं केलंस का?"

पोरं फिस्सकन हसली. आमच्याकडे पुरुषाच्या दोन्ही मांड्या गोंदलेल्या हव्यात. त्याशिवाय त्याला पुरुष म्हणत नाहीत. इन्ताची उजवी मांडी वाघ-हत्तींनी गच्च भरलेली होती. डावीला सुई लावली आणि तो जो उठून पळाला, तो थेट नदीपार. डावी कोरी ती कोरीच.

"अर्धाच आहे अजून," मावशी म्हणाली. खत्तिया मात्र हसला नाही. "दुखतं हो ते फार," एवढंच म्हणाला. सीनुआनला त्याचा राग करायचा होता, तोही तो माणूस नीट करू देईना.

भात कापणीला आला तसं मावशीने ठरवून टाकलं. कापणी झाली की खत्तियाशी लग्न. रीतीप्रमाणे जावयाने मुलीच्या घरी राहायला यायचं. पण विहिरी सोडून खत्तिया कसा येणार? तेव्हा सीनुआनने डोंगरात जायचं.

"मला विचारलंस का?" सीनुआन म्हणाली.

"विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस. म्हणून नाही विचारलं."

"मावशी, माझ्या मनात—"

"माहीत आहे मला तुझ्या मनात काय आहे ते. त्याच्या नाकाला रंग लागलेला असतो." मावशीने विडी विझवली. आवाज जरा खाली आला. "पोरी, भिंत संपली की चितारी जातो. दुसऱ्या गावी दुसरी भिंत असते. मी बघितलेत असले. मीठ कुठं जात नाही."

दुसऱ्या दिवशी सीनुआन पहाडाखाली कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "मावशीशी बोल."

"बोलतो."

"केव्हा?"

"आजच. काय बोलायचं ते सगळं पाठ आहे माझं. ऐक—" आणि वरून त्याने असं काही सुरेख भाषण केलं, की पुनमामांनी रंधा थांबवून डोळे पुसले.

संध्याकाळी तो आला. पायरीवर बसला. घसा खाकरला. "मावशी…"

"काय?"

"…पाणी."

पाणी पिऊन तो गेला. दुसऱ्या संध्याकाळीही त्याला तहानच लागली.

"तुला येतं तरी काय रे?" सीनुआन तिसऱ्या दिवशी विहारात ओरडली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते तिला मुळीच दाखवायचं नव्हतं. "दोन शब्द बोलता येत नाहीत माणसाला!"

"काढता येतं मला," तो हळूच म्हणाला.

"मग काढ!" ती फणकारली. "बस काढत!"

आणि निघून गेली. त्यानंतर ती विहाराकडे फिरकली नाही. पाळी ज्याच्या त्याच्या घरी परत गेली. पश्चिमेच्या भिंतीच्या एका कोपऱ्याला चिताऱ्याने चटया लावून घेतल्या आहेत आणि आत कुणालाच बघू देत नाही, असं तिच्या कानावर आलं. तिने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि रात्रंदिवस तोच विचार केला.

पौर्णिमेच्या उपोसथाला, उपासाच्या दिवशी, चटया उतरल्या. सगळं गाव फुलं घेऊन आलं होतं. खत्तियाही होता. कोपऱ्यातल्या चित्रात एक पुरुष आणि एक स्त्री उभी होती, जवळजवळ माणसाएवढी उंच. तो तिच्या कानाशी वाकून तळव्याआडून काहीतरी कुजबुजत होता. त्याचा दुसरा हात तिच्या खांद्यावर होता. ती समोर बघत होती, पण तिचं लक्ष समोर नव्हतं.

पुरुषमंडळींनी चेहऱ्याकडे बघितलं. चेहरा चंद्रासारखा, म्हणजे कुणाचाच नाही. "छान आहे," म्हणाले आणि पुढे सरकले.

बायकांनी आधी सिन बघितली.

"अगं बाई!" शेजारीण म्हणाली.

"पाणी चढावर चाललंय," शेजारणीची जाऊ म्हणाली.

बिचाऱ्या इन्ताची गफलत तिथेच झाली. चेहरा कुणाचाच काढला नाही की कुणाला कळणार नाही, असं त्याला वाटलं. वस्त्र मात्र ती नेसून यायची तेच, दिसलं तसं प्रामाणिकपणे काढलं, उलट्या पायरीसकट. आमच्या बायका माणसं चेहऱ्यावरून ओळखत नाहीत, विणीवरून ओळखतात, हे त्या बापड्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

मावशी सेंगदा पुढे झाली. डोळे बारीक करून तिने ती पायरी बघितली. "उसवायला सांगितलं होतं मी," म्हणाली. मग तिची नजर वर सरकली. कमरेवरून खांद्यावर. खांद्यावरच्या हातावर.

बायका एकमेकींना कोपराने ढोसू लागल्या.

"हात," मावशी म्हणाली. "आमच्या पोरीच्या खांद्यावर. साऱ्या गावादेखत. पितरांना काय तोंड दाखवू मी?"

विहाराचे म्हातारे भन्ते घाईघाईने मधे पडले. त्यांना भांडणं आवडत नसत. ती ध्यानाच्या आड येत. "उपासिके, रंगाचा हात तो. चुन्याचा एक हात फिरवला की गेला. दोषही गेला. कसं?"

सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. खत्तियाने मान हलवली. "माझी काही हरकत नाही. पुसा आणि विसरा." गवंड्याने चुन्याची बादली आणली. भन्त्यांनी स्वतः कुंचला बुडवून इन्ताच्या हातात दिला.

"थांबा," सीनुआन म्हणाली.

ती गर्दीतून पुढे आली. तिने चित्र पहिल्यांदाच बघितलं होतं. पण आवाज ठाम होता. "पुसण्याआधी मला विचारा. खांदा माझा आहे."

"खांदा भिंतीचा आहे," मावशी म्हणाली.

"सिन माझी, असं तूच म्हणालीस. सिन माझी, मग तिच्यावरचा खांदा काय शेजारणीचा?"

"माझा नाही हो," शेजारीण लगबगीने म्हणाली.

बायकांत खसखस पिकली. भन्त्यांनी डोळे मिटून घेतले.

"बरं," मावशीने हात कमरेवर ठेवले. "खांदा तुझा. पण हात कुणाचा? या पुरुषाच्या दोन्ही मांड्या गोंदलेल्या आहेत. कोण हा?"

सगळ्यांच्या नजरा इन्ताकडे वळल्या. तो जमिनीवर उभा होता. हातात चुना ठिबकणारा कुंचला. कुणीच नाही, कथेतला कुणीतरी आहे, एवढं म्हटलं असतं तरी सुटला असता. भन्तेही डोळे मिटल्या मिटल्या तेवढंच सुचवल्यासारखी मान हलवत होते. सीनुआन त्याच्याकडे बघत नव्हती. ती भिंतीकडे बघत होती.

इन्ताने कुंचला बादलीत टाकला.

"माझा," तो म्हणाला.

"तुझी एक मांडी कोरी आहे."

"गोंदवून घेईन."

"ओरडशील."

"ओरडेन, मावशी. पण गोंदवून घेईन. आणि भिंत पुसणार नाही."

पुनमामांच्या तोंडातली न पेटवलेली विडी गळून पडली. जमिनीवर उभं राहून हा माणूस एवढं बोलला होता!

मग खत्तिया पुढे आला. वाईट हेतूने नव्हे; सरळ माणूस होता, त्याला हिशेब सरळ लागे. "एकच सांग, भाऊ. हात खरोखर कधी लागला का तिला? बुद्धासमोर उभा आहेस."

खोटं बोलायला याहून चांगली वेळ आयुष्यात येत नाही. एक 'हो' म्हटला की पितर रागावले, आणि पितर रागावले की लग्न. साऱ्या बायका मनातल्या मनात त्याला 'हो' म्हण, 'हो' म्हण, असं सांगत होत्या.

"नाही," इन्ता म्हणाला. "बोटसुद्धा नाही."

एकसाथ उसासा निघाला. "मग झालं तर," खत्तिया म्हणाला. "हात लागलेला नाही, दोष नाही. ठरलंय ते ठरलंय." भन्त्यांनी डोळे उघडले. गवंड्याने बादलीतला कुंचला पुन्हा बाहेर काढला.

सीनुआनने एकदा त्या प्रामाणिक गाढवाकडे बघितलं. मग ती चालत त्याच्यासमोर गेली, त्याचा उजवा हात मनगटाला धरून उचलला, आणि स्वतःच्या खांद्यावर ठेवला. भिंतीवर होता अगदी तसाच. तेवढा नीट बसेना म्हणून जरा सरकवलाही.

"आता लागला," ती म्हणाली.

इन्ताचा तळवा रंगाने खरखरीत झालेला होता. तिने तो वरून आपल्या हाताने दाबून धरला.

"हा तू ठेवलास," मावशी म्हणाली. "त्याने नाही."

"पितरांना विचार, त्यांना काही फरक पडतो का."

मावशीने नवी विडी काढली. पेटवायला तिला फार वेळ लागला, कारण ती विहारात होती आणि भन्ते बघत होते. शेवटी न पेटवताच तिने ती कानामागे खोचली. "आईसारखीच आहेस," ती पुटपुटली. मग मोठ्याने म्हणाली, "पोरीने पुरुषाचा हात ओढून खांद्यावर ठेवल्याचं आमच्या पितरांनी आजवर बघितलेलं नाही. धक्का बसलाय त्यांना. एका डुकराने नाही सावरायचे. दोन लागतील."

बायकांनी किलबिलाट केला.

"आणि काय रे ए," मावशी इन्ताकडे वळली, "भिंत संपली की पळायचं नाही. आमच्याकडे जावई घरात राहतो. दुसऱ्या गावची भिंत रंगवायची असेल तर जा, पण भाताच्या वेळेला परत!"

इन्ताने जोरजोराने मान हलवली. बोलायचं आजचं सगळं त्याचं संपलं होतं.

खत्तिया थोडा वेळ चित्राकडे बघत उभा राहिला. मग म्हणाला, "दोन डुकरं म्हणजे मीठ बरंच लागेल. मी पाठवून देतो." आणि मावशीला नमस्कार करून, मान ताठ ठेवून, पायऱ्या उतरून गेला. त्या क्षणी सीनुआनला तो आवडला. पण तेवढाच.

माणसं पांगली. गवंडी बादली घेऊन गेला. दोघंच उरली भिंतीपाशी. वर ती दोघं, खाली ही दोघं.

आज दूरदूरच्या देशांतून माणसं ते चित्र बघायला येतात. तो तिच्या कानात काय सांगतोय, यावर बरंच काही लिहिलं गेलंय. कुणी म्हणतं चंद्रसूर्याच्या शपथा, कुणी म्हणतं तुझं नाव ढगावर ठेवलं तर वारा नेईल म्हणून काळजात ठेवतो. ऐकायला फार छान वाटतं. त्या दिवशी झालं ते एवढंच, की सगळे गेल्यावर नोय इन्ता भिंतीवरच्यासारखाच तिच्या कानाशी वाकला आणि अगदी बारीक आवाजात त्याने विचारलं,

"हात… काढू का आता?"

"काढून तर बघ," सीनुआन म्हणाली.